स्टिरॉइडच्या गोळ्या, मलमं आणि पंप : या चुका टाळा

"भाऊ, यात स्टिरॉइड नाही ना?"

मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न दिवसातून दोन-तीनदा तरी येतोच. मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या. मुलाला दमा, डॉक्टरांनी बुडेसोनाइडचा पंप लिहून दिलेला. मी हो म्हटल्याबरोबर त्यांनी खोकं काउंटरवर परत ठेवलं. "नको मग. लहान पोर आहे, सवय लागेल." आणि लगेच, "बरं, ती माझी चेहऱ्याची ट्यूब द्या. नेहमीची." ती नेहमीची ट्यूब म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण. त्यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइडच. बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, पण ट्यूबच्या बाबतीत तो प्रश्न कोणी विचारत नाही.

पंधराएक वर्षं औषधं देतोय. या एका औषधाइतकी गल्लत दुसऱ्या कशाची होताना पाहिली नाही. नको तिथे धास्ती, आणि जपायला हवं तिथे बिनधास्त. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. हे औषध आपल्याच शरीरात बनणाऱ्या एका हार्मोनची नक्कल आहे, आणि बाहेरून आयता माल येऊ लागला की आतला कारखाना बंद पडतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आतला कारखाना

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात ॲड्रिनल. तिचा गाभा वेगळा आणि साल वेगळी. सालीला शास्त्रात कॉर्टेक्स म्हणतात, म्हणून सालीत बनतात ती कॉर्टिकोस्टिरॉइड. सालीच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन बनतं. ते मीठ-पाण्याचा आणि रक्तदाबाचा तोल सांभाळतं. मधल्या, सगळ्यात जाड थरात कॉर्टिसॉल बनतं. आपण ज्याला नुसतं "स्टिरॉइड" म्हणतो, ती सगळी या कॉर्टिसॉलची भावंडं.

निरोगी माणसाचं शरीर दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमच्या आसपास कॉर्टिसॉल बनवतं, आणि तेही घड्याळ लावून. पहाटेपासून ते वाढत जातं, उठायच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आगेमागे तळाला जातं. हुकूम वरून येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला इशारा देतो, पियूषिका एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, ते रक्तातून ॲड्रिनलपर्यंत पोचतं आणि कॉर्टिसॉल बनू लागतं. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ही खबर वर जाते आणि हुकूम थांबतो. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट वर आला की मोटर बंद होते ना, तसंच.

फ्लोटला पाणी बोअरचं की टँकरचं, हे कळत नाही. तुम्ही प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडची, गोळी घेतली की मेंदूला वाटतं, टाकी भरली. एसीटीएच थांबतं. आठवडेच्या आठवडे हुकूम आला नाही की ॲड्रिनलची साल हळूहळू सुकत जाते. हे सुकणं लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा लागेल.

गोळी काम कशी करते? स्टिरॉइडचा रेणू चरबीत विरघळणारा, त्यामुळे पेशीच्या भिंतीतून सरळ आत जातो. आत त्याची वाट पाहणारा एक ग्राहक रेणू असतो, रिसेप्टर. दोघं मिळून पेशीच्या केंद्रकात जातात आणि तिथे कुठली जनुकं चालू ठेवायची, कुठली बंद, यात ढवळाढवळ करतात. सूज आणणारी रसायनं बनवण्याचे आदेश कमी होतात, सूज आवरणाऱ्या प्रथिनांचे वाढतात. हा सगळा कारभार जनुकांच्या पातळीवरचा, म्हणून त्याला तास लागतात. दम्याचा जोराचा झटका आलेल्या माणसाला शिरेतून स्टिरॉइड दिलं तरी त्याचा खरा असर दिसायला चार-सहा तास जातात. "इंजेक्शन दिल्या दिल्या आराम पडला" असं कोणी म्हणालं तर तो आराम बहुधा सोबतच्या दुसऱ्या औषधाचा.

हाच रिसेप्टर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, आणि घोडं तिथेच पेंड खातं. सांध्याची सूज उतरवायला घेतलेलं औषध यकृतालाही सांगतं, साखर बनव. स्नायूंना सांगतं, प्रथिनं मोडून दे. हाडांना सांगतं, नवी भर थांबव. या अर्थाने "साइड इफेक्ट" हा शब्द मला थोडा फसवा वाटतो. कॉर्टिसॉलचं नेहमीचंच काम आहे ते, फक्त पाच-दहापट जोराने चाललेलं.

(जिममधली पोरं चोरून टोचून घेतात ते स्टिरॉइड वेगळं. ते पुरुषी हार्मोनच्या, टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं. कॉर्टिकोस्टिरॉइडने दंड फुगत नाहीत, उलट मांड्या गळतात.)

बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही.

आमच्या गल्लीतले एक काका चार महिने प्रेडनिसोलोनवर होते, रोज 20 मिलिग्रॅम, आमवातासाठी. बोटं मोकळी झाली, चालणं सुधारलं. आषाढात वारीला निघाले. "माउलीच्या वाटेवर गोळ्या कशाला," म्हणून पाकीट घरीच ठेवलं. दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी गळून गेले, उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखायला लागलं. वारीत उलट्या म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, बाहेरचं खाणं-पाणी बाधलं. सलाइन लावलं. प्रेशर 80 च्या वर जाईना. मुलाचा मला फोन आला तो भलत्याच कामासाठी, प्रेशरच्या गोळीचं नाव हवं होतं. मी विचारलं, ती पांढरी गोळी चालू आहे ना? तेव्हा उलगडा झाला. तिथल्या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम शिरेतून दिलं. संध्याकाळी काका उठून बसले आणि चहा मागितला.

झालं काय होतं? चार महिने बाहेरून टँकर येत होता, आतली मोटर गंजली होती. टँकर बंद केला त्या दिवशी मोटर चालू होणं शक्यच नव्हतं. कॉर्टिसॉल नसेल तर रक्तवाहिन्या ताठ राहत नाहीत, प्रेशर पडतं, साखर पडू शकते, आणि वर चालण्याचा ताण. अशा वेळी निरोगी ॲड्रिनल एरवीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल ओतते. काकांची ओतायला तयारच नव्हती. या अवस्थेला ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात, आणि वेळेवर ओळखली नाही तर माणूस दगावतो.

ढोबळ हिशोब असा. तीन आठवड्यांपेक्षा कमी दिवसांचा कोर्स असेल तर ग्रंथी फारशी सुकलेली नसते. दम्यासाठी पाच-सात दिवस दिलेल्या गोळ्या बहुधा तशाच थांबवता येतात. त्यापुढे, आणि डोस प्रेडनिसोलोनच्या साधारण 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर, पायरी-पायरीनेच उतरायचं. मोठ्या डोसवरून खाली येताना पायऱ्या मोठ्या असतात, 5 मिलिग्रॅमच्या जवळ आल्यावर लहान, कारण आता शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायला शिकायचंय. ग्रंथी पूर्ववत व्हायला महिने लागू शकतात, काहींना वर्षही. कोणत्या पायरीवर किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मी किंवा मोबाइलवरचा कुठलाही लेख ठरवणार नाही, हाही धरून.

उतरताना अंग मोडून येणं, थकवा, भूक मंदावणं, मन खट्टू होणं हे होतं. पुष्कळ जण याला "आजार उलटला" समजून स्वतःच पुन्हा जुन्या डोसवर जातात, आणि मग वर्षानुवर्षं तिथेच घुटमळतात. कधी तो खरंच आजार असतो, कधी नुसती शरीराची कुरकुर. फरक ठरवायला तपासणी लागते.

याचाच दुसरा भाग म्हणजे आजारपणात डोस चुकवणं. बरेच दिवस स्टिरॉइडवर असलेल्या माणसाला ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं, की शरीराची गरज वाढते आणि ग्रंथी ती भागवू शकत नाही. अशा दिवसांत डोस वाढवायचा का आणि किती, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकतच नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, इंजेक्शनच लागतं. दात काढायला गेलात तरी सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर आधी सांगा. पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक कागद ठेवा: औषधाचं नाव, डोस, केव्हापासून. काकांच्या खिशात तो असता तर दोन दिवस वाचले असते.

मिलिग्रॅमला मिलिग्रॅम समजणं

"आधी 5 ची होती, आता अर्ध्याची दिलीय, म्हणजे कमी झाली ना?" एका मावशींचा हा प्रश्न. 5 ची होती ती प्रेडनिसोलोन. अर्ध्याची ती बीटामेथासोन. अर्धा मिलिग्रॅम बीटामेथासोन म्हणजे साधारण 4 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. कमी झाली, पण दहापट नव्हे.

काउंटरमागे आम्ही हा तक्ता तोंडपाठ ठेवतो: हायड्रोकॉर्टिसोन 20, प्रेडनिसोलोन 5, डेफ्लाझाकॉर्ट 6, मिथाइलप्रेडनिसोलोन 4, डेक्सामेथासोन 0.75. हे सगळे एकाच ताकदीचे आकडे. मिथाइलप्रेडनिसोलोन 16 ची एक गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन 20. डेक्सामेथासोनचा असर शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळतो, हायड्रोकॉर्टिसोनचा अर्धा दिवसही नाही. नावाने फसू नका. डेफ्लाझाकॉर्ट घेणारे कितीतरी जण मला ठासून सांगतात की आमचं स्टिरॉइड केव्हाच बंद झालं, आता "साधी" गोळी आहे.

वेळ आणि साखर

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाची एकच गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच शिगेला असतं, त्यामुळे घड्याळाशी कमीत कमी भांडण होतं. रात्री घेतली तर डोळा लागत नाही, आणि पहाटे कारखाना सुरू करण्याचा हुकूमही दाबला जातो. "झोप येत नाही" म्हणून झोपेची गोळी मागायला आलेल्या दोघा-तिघांचं काम नुसती वेळ बदलून झालं आहे.

साखरेची चूक जास्त लबाड आहे. सकाळी आठला प्रेडनिसोलोन घेतली की साखर चढते दुपारी आणि संध्याकाळी, जेवणानंतर. रात्रीतून असर ओसरतो आणि पहाटेची उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा चांगलीच येते. मंडळी लॅबमध्ये फक्त तीच तपासतात, रिपोर्ट 104 बघून खूश होतात, आणि दुपारी साखर 300 ला असते. स्टिरॉइड चालू असताना दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा संध्याकाळी जेवणाआधी तपासा. आधी मधुमेह नसला तरी एकदा तपासाच, घरात आई-वडिलांना असेल तर नक्की.

भूक मात्र खरीच लागते, ती मनाची नसते. तिला काय द्यायचं एवढंच आपल्या हातात. फरसाणाचा डबा हाताशी ठेवू नका. मीठही आवरा, विशेषतः पायांवर सूज येत असेल तर.

पुडीवाल्या बाबाचं "आयुर्वेदिक"

गुडघेदुखीवर कुठल्यातरी गावात पुड्या मिळतात. तीन दिवसांत गुण. नाव नाही, बॅच नाही, नुसती तपकिरी पावडर कागदात बांधलेली. अशा पुड्या देशभरात अनेकदा तपासल्या गेल्या आहेत आणि त्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडलं आहे, कधी वेदनाशामकासोबत. वैद्य मंडळींचं औषध असं नसतं, त्यांची नाहक बदनामी होते.

ओळखायचं कसं? जुनाट दुखणं दोन-तीन दिवसांत जादू झाल्यासारखं थांबलं आणि पुडी संपताच दुप्पट जोराने उसळलं, तर संशय घ्या. दोन-तीन महिन्यांत चेहरा गोल होतो, गाल वर येतात, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट सुटतं पण हातपाय बारीक, पोटावर जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं. याला कुशिंग म्हणतात. आपल्याकडे पहिले दोन महिने हे "तब्येत सुधारली, अंगावर मांस आलं" म्हणून मिरवलं जातं. एक आजी नातेवाईकांना कौतुकाने चेहरा दाखवायच्या. त्यांना जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागायला लागला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मांडीचे स्नायू आधी जातात.

आणि इथेही तोच सापळा. पुडीत काय आहे हे कळल्यावर घाबरून ती त्याच दिवशी नाल्यात टाकू नका. वर्षभर खाल्ली असेल तर ग्रंथी सुकलेली असणार. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा.

इतिहासात ही जादू पहिल्यांदा दिसली ती 1948 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. फिलिप हेंच या डॉक्टरांनी पाहिलं होतं की आमवाताच्या रुग्णांना कावीळ झाली किंवा बायकांना दिवस गेले की सांधे सुधारतात. शरीरातच काहीतरी असं आहे जे सूज उतरवतं, असा त्यांचा कयास. सहकारी एडवर्ड केंडल यांनी ॲड्रिनलच्या सालीतून वेगळं केलेलं एक द्रव्य, नंतर ज्याला कॉर्टिसोन नाव पडलं, ते 21 सप्टेंबर 1948 ला 29 वर्षांच्या एका रुग्ण बाईला टोचलं. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की सांधे पुन्हा धरतात आणि चालू ठेवलं तर चेहरा सुजतो, हेही तोवर ध्यानात आलं होतं. पुडीवाला बाबा 1948 सालच्या आनंदातच अजून अडकलाय.

गजकर्णावर चार औषधांची ट्यूब

मलमांच्या चुका मोजायला बसलो तर रात्र होईल. सगळ्यात मोठी म्हणजे गजकर्णावर, नायट्यावर स्टिरॉइड असलेली ट्यूब चोळणं. एकाच ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल, एक बुरशीविरोधी, एक-दोन जंतुविरोधी, असा काला असतो. क्लोबेटासॉल हे चोळायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल. लावलं की खाज रात्रीतून थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण खाज आणि लाली ही बुरशीशी लढणाऱ्या शरीराची खूण होती. पहारेकरी झोपवला, चोर आतच. बुरशी निवांत पसरते, कडा पुसट होतात, आणि डॉक्टरलाही बघून चटकन कळत नाही की हे गजकर्णच आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे नायटा इतका चिवट झालाय त्यात या ट्यूबचा वाटा मोठा, असं त्वचातज्ज्ञ सांगत आलेत. जांघेत तर आणखी वाईट, तिथली कातडी पातळ, औषध जास्त शोषलं जातं आणि पांढरे-जांभळे पट्टे कायमचे उमटतात.

दुसरी, चेहऱ्यावर गोरेपणासाठी. आठवडाभर चेहरा उजळतो, कारण स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं. सहा महिन्यांनी कातडी कागदासारखी, उन्हात गेलं की भगभग, बारीक लाल शिरा, पुरळ, बायकांना हनुवटीवर केस. ट्यूब थांबवली की आग आग होते, म्हणून पुन्हा लावायची. भारतीय त्वचातज्ज्ञांनीच या चेहऱ्याला खास नाव दिलं, "टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस". 2018 मध्ये सरकारने चोळायची स्टिरॉइडही शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ती कुठे कुठे कशी मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आमच्याच धंद्यातल्या लोकांचा यात हात आहे, हे कबूल करायला हवं.

पण उलटी चूकही करू नका. एक्झिमा, सोरायसिससाठी त्वचातज्ज्ञांनी दिलेलं स्टिरॉइड मलम मोहरीएवढं लावून "गुण नाही" म्हणणारेही भरपूर. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची सरळ वात काढली की अर्धा ग्रॅम होतो. तेवढं दोन तळव्यांएवढ्या, बोटं धरून, कातडीला पुरतं. कमी लावून चार महिने घालवण्यापेक्षा बरोबर मापाने दोन आठवडे लावलेलं कातडीला सोसतं.

उसाचं पातं आणि घरातले थेंब

आमच्याकडे उसाचा भाग. तोडणीच्या हंगामात डोळ्याला पातं लागल्याची केस हमखास येते. डोळा लाल, पाणी, सल. घरात मागच्या साथीतले डोळे आल्याचे थेंब असतात, त्यावर "डी" किंवा "डेक्सा" लिहिलेलं. ते घालतात. लाली उतरते. पाल्याने ओरखडलेल्या बुबुळावर बुरशी बसलेली असू शकते, आणि स्टिरॉइड म्हणजे तिला खतपाणी. आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लाल डोळ्यासाठी स्टिरॉइडचे थेंब डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्राखाली बघितल्याशिवाय घालायचे नाहीत. ऍलर्जीसाठी पोरांच्या डोळ्यांत महिनोन् महिने घातलेल्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो, तोही लहान वयात.

कोविडने शिकवलेलं

जून 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की दिवसाला 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नव्हता. बातमीतलं पहिलं वाक्य सगळ्यांनी वाचलं, शेवटचं फार थोड्यांनी. 2021 च्या लाटेत व्हॉट्सॲपवरच्या यादीनुसार पहिल्याच दिवसापासून स्टिरॉइड घेणारे मी पाहिलेत. मग साखर चढलेल्यांत म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आला. मुद्दा वेळेचा होता. विषाणू वाढत असताना पहारा झोपवला तर नुकसान, पहारेकरीच घर जाळायला लागला तेव्हा झोपवला तर जीव वाचतो.

सोबतची औषधं

डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी सोबत घेतली की जठराला अल्सरचा धोका बराच वाढतो. दुखतंय म्हणून स्वतः भर घालू नका. टीबीचं रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की प्रेडनिसोलोन लवकर संपतं आणि डोस अपुरा पडतो. नायट्यासाठी दिलेलं इट्राकोनॅझोल याच्या बरोबर उलट. ते घेणाऱ्याने बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप चालू आहे हे सांगितलं नाही, तर पंपाचा छोटा डोसही अंगात साठत जातो.

आणि ज्येष्ठमध. घसा बसला की आपण कांडी चघळतो, त्याने काही बिघडत नाही. पण काढा करून रोज महिनाभर घेतला तर त्यातला घटक मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या विकराला अडवतो. कॉर्टिसॉल मग अल्डोस्टेरॉनचं काम करायला लागतं: प्रेशर वर, पोटॅशियम खाली. आधीच स्टिरॉइडवर असलेल्याने हे टाळलेलं बरं.

हाडांचं थोडक्यात. घट सगळ्यात वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, म्हणून तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या तपासणीबद्दल सुरुवातीलाच विचारा. खुब्यात किंवा जांघेत दुखायला लागलं तर "वात" म्हणून शेकत बसू नका. ताप आला नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असंही धरू नका, स्टिरॉइड तापही लपवतं. मोठ्या डोसवर असताना जिवंत विषाणूंच्या लसी घेण्याआधी विचारा.

पंपाची भीती

आता त्या ताईंकडे. त्यांना मी खोक्यावरचा आकडा दाखवला: 200 मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. मागच्या वर्षी झटका आला तेव्हा त्यांच्या मुलाला पाच दिवस रोज 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या होत्या, फाइल त्यांच्याच पिशवीत होती. त्या पाच दिवसांत जेवढे मिलिग्रॅम पोटात गेले, तेवढे पंपाचे रोज दोन झुरके मारून जायला आठ महिने लागले असते, आणि तेही थेट जिथे हवं तिथे, श्वासनलिकेत. पंप नाकारला की गोळ्या टळत नाहीत, उलट झटके वाढून त्यांची पाळी जास्त वेळा येते. मुलांची उंची या औषधाने थोडी, बहुधा एखाद सेंटिमीटर, कमी भरू शकते हे खरं, आणि ते डॉक्टर मोजत राहतात. अनावर दम्यानेही वाढ खुंटतेच.

पंपाच्या चुका मग साध्या आहेत. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, न वापरता फवारा सरळ जिभेवर मारणं. झुरका घेतल्यावर दहा सेकंद श्वास न धरणं. नंतर चूळ न भरणं, त्याने तोंडात पांढरा थर धरतो आणि आवाज बसतो. आणि दम लागला तरच घेणं. रोजचा पंप हा झटक्याचा पंप नाही, सूज उतरवायला त्याला दिवस लागतात, आणि बरं वाटतंय ते त्याच्यामुळेच वाटतंय.

ताई पंप आणि स्पेसर घेऊन गेल्या. महिन्याने पोरगा स्वतः दुसरा पंप न्यायला आला आणि काउंटरसमोर मला चूळ कशी भरतो ते पाण्याशिवाय करून दाखवलं. ट्यूबचं मी विचारलं. "आई म्हणते, लग्न झालं की सोडणार आहे. मावशीचं लग्न आहे ना."